फ्लेक्सवरची अक्का

त्या दिवशी बटाटे काढायचे होते आणि टेलरबाई आली नाही.

दरवर्षी यायची. तिला शेत नाही, पण मातीत हात घालायची भारी हौस. मशीनवर बसून बसून कंबर धरते, म्हणायची, आणि बटाट्याच्या दिवसांत दुपारपर्यंत आमच्या शेतात असायची. अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, कुदळ मारत पुढं सरकायची, आणि मी नि टेलरबाई मागनं वेचत यायचो. कुदळ लागून चिरलेला बटाटा हाताला आला की टेलरबाई म्हणायची, "अक्का, याला टाके घालू का?" दरवर्षी तोच विनोद, आणि दरवर्षी अक्का हसायची.

पाऊस नुकताच उघडला होता. माती अजून कुदळीला चिकटत होती. एक सरी काढून झाली, दुसरीला हात घातला, तरी वाटेवर कुणी दिसेना.

"येईल," अक्का म्हणाली. "कुणाचं तरी घाईचं शिवण आलं असेल."

तेवढ्यात डेअरीचा दूधवाला बांधावरून निघाला होता, त्यानं मोटरसायकल थांबवली. उतरला नाही. तिथनंच म्हणाला, "अक्का, मानलं तुम्हाला. एवढं बोलायला धाडस लागतं."

"काय बोलले मी?"

"चौकात लागलंय की. हा एवढा फोटो." दोन्ही हात पसरून त्यानं माप दाखवलं, आणि त्याच्या डब्यांचा खडखडाट लांब गेला.

आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. अक्काचा फोटो कोण कशाला लावेल? मग ती कुदळ सरीत उभी रोवून चालायला लागली. हात धुवायचेसुद्धा राहिले.

आता हे कळायला आधीचं थोडं सांगावं लागेल.

गावाच्या वरच्या अंगाला दगडाची खाण आहे. आता बंद आहे. चालू होती तेव्हा एका सकाळी तिचा कडा खाली आला. आमचे थोरले दीर, म्हणजे अक्काचे मालक, आणि टेलरबाईचा नवरा एकाच मशीनवर होते. बाकीच्यांना काढलं, काही जिवंत, काही मेलेले. हे दोघं सापडलेच नाहीत. अक्का आणि टेलरबाई खाणीच्या काठावर एकाच पोत्यावर बसून राहायच्या. खाली मशीन दगड उपसायचं, या दोघी बघायच्या. त्याआधी त्यांची ओळख म्हणजे ब्लाऊज शिवण्यापुरती. पुढं मशीन थांबवलं, वरून माती लोटली, आणि काठावर एक काळा दगड उभा केला. त्यावर गेलेल्यांची नावं. त्या दोघांची नावं एकाखाली एक आहेत. दगड कोरणाऱ्यानं काही मनात धरून कोरली नसतील, पण तशी आलीत खरी.

टेलरबाई राहते त्या खालच्या आळीतल्या लोकांची जुनी मशीद रस्ता रुंद करताना पाडली गेली. तेव्हापासून ते चुनेवाल्याच्या गोदामात पोती बाजूला सारून नमाज पढायचे. चुनेवाल्याची खाणीला लागून मोकळी जागा होती, ती त्यानं मशिदीला देऊन टाकली. पायाचे दगड येऊन पडले, त्यावर गवत वाढलं, कुणाला काही वाटलं नाही. मग निवडणूक जवळ आली आणि पुढाऱ्याला वाटायला लागलं.

हा पुढारी म्हणजे डेअरी त्याची, बटाट्याचं शीतगृह त्याचं, आणि अक्काचा मुलगा त्याच्याच जीपवर ड्रायव्हर.

चौकात पोचलो तर लोखंडी सांगाड्यावर फ्लेक्स ताणून बसवलेला. त्यात अक्का. डोळे भरलेले, तोंड जरासं उघडं, घरापेक्षा मोठी. बाजूला जाड अक्षरांत लिहिलेलं, 'आमच्या माणसांच्या उशाशी मशीद नको.' आणि त्याखाली, 'एका विधवेची हाक.'

अक्काला अक्षर लावून लावून वाचता येतं. तिनं ते वाचलं. परत वाचलं. सायकल दुकानातले दोघं तिला बघून उभे राहिले, कुणी मोठं माणूस आल्यासारखे.

"हा मागच्या वर्षीचा फोटो," मी हळूच म्हटलं. दगडापाशी आम्ही सगळ्या गेलो होतो तेव्हाचा. अक्काला रडू आवरत नव्हतं आणि टेलरबाईनं तिला धरलं होतं. फोटोत टेलरबाई नव्हती. कापून टाकली होती. पण कापणाऱ्याला सगळीच कापता आली नाही. अक्काच्या खांद्यावर चार बोटं राहिली होती, आणि मधल्या बोटाला निळ्या चिंधीची पट्टी. त्या दिवशी सुई घुसली होती तिच्या बोटात.

"हात राहिला गं तिचा," अक्का म्हणाली. एवढंच. आणि माझ्या लक्षात आलं, टेलरबाई आज का आली नाही ते.

संध्याकाळी पोरगा घरी आला. जीपची किल्ली बोटात फिरवायची सवय त्याला, ती फिरवतच आत आला आणि आईला बघून थांबला.

"फोटो तू दिलास?"

"साहेबांनी घेतला. माझ्या मोबाईलमधनं."

"घेतला का दिलास?"

"मागितला. दिला." त्यानं किल्ली खिशात टाकली. "मला काय माहीत एवढा मोठा करतील म्हणून."

"आणि ते लिहिलंय, ते मी कधी म्हणाले?"

"तू म्हणाली होतीस. याच चुलीपाशी बसून म्हणाली होतीस, तिथं काही नको म्हणून."

हे खोटं नव्हतं. मीही ऐकलं होतं. अक्का म्हणायची, तिथं मला काहीच नको. मशीद नको, देऊळ नको, चहाची टपरीसुद्धा नको. वारा आणि गवत आहे तेवढं बरं आहे. हे तिनं टेलरबाईलाही तोंडावर सांगितलं होतं. त्यावर टेलरबाई म्हणाली होती, "मला हवी आहे गं. रोज कुणीतरी तिथं येईल, जाईल, पाय वाजतील. त्याला एकटं वाटणार नाही." त्यावर अक्कानं उठून दोघींना चहा केला होता. तिथं तो विषय संपला होता. दोघींचा होता, दोघींत राहिला होता.

"घरात बोललेलं चौकात टांगतात का रे?" अक्का म्हणाली.

पोरगा खाली बसला. त्याची बायको दिवस भरत आलेली, भिंतीला टेकून ऐकत होती. "मी नाही म्हटलं असतं तर किल्ली काढून घेतली असती त्यांनी," तो म्हणाला. "मग काय करू मी? दुसऱ्याच्या शेतात बटाटे वेचू?"

दगडाखाली हात सापडलेल्या माणसासारखं अक्काचं तोंड झालं होतं. ओढावा तरी सोलतो, ठेवावा तरी चेंगरतो.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पुढाऱ्याच्या ऑफिसात गेली. काचेचं टेबल, खाली गादीच्या खुर्च्या, पंखा असा लावलेला की वारा फक्त त्याच्या अंगाला लागावा. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला. मोठा अदबीचा माणूस. कधी कुणाला अरेतुरे केलं नाही त्यानं.

"काकू, तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा, मी आलो असतो घरी."

"चौकातलं ते काढा," अक्का म्हणाली.

"घाबरू नका काकू. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. अख्खं गाव तुमच्या मागं आहे."

"घाबरले नाही मी. ते मी बोललेच नाही."

"मनात आहे ते तुमच्या तोंडून निघत नाही. कसं निघेल? एवढं दुःख सोसलेलं माणूस. म्हणून तर आम्ही बोलतो."

"मग तुमच्या तोंडानं बोला की. तुमचा फोटो लावा."

तो हसला. बाजूला बसलेल्यांकडे बघून म्हणाला, "बघा, किती साधी माणसं आहेत ही. यांच्यासाठीच सगळं चाललंय." मग चहा मागवला. अक्कानं कप उचलला नाही, तर त्यानं स्वतः उचलून तिच्या हातात दिला. मी पाहिलं, तिला तो टाकताही येईना आणि ठेवताही येईना.

"पोरगा गुणी आहे तुमचा," तो म्हणाला. "जीप जपून चालवतो. आता नवीन गाडी येतेय, त्यालाच द्यायची म्हणतोय. आणि दूध कसं चाललंय काकू? फॅट नीट लागतेय ना?"

पोरगा दारातच उभा होता, हाताची घडी घालून. त्यानं मान वर केली नाही.

येताना वाटेत अक्का म्हणाली, "याच्याशी भांडता येत नाही गं. काहीही म्हणा, तो हो म्हणतो."

तिथनं तिचे पाय आपोआप खालच्या आळीकडे वळले. मी म्हटलं, कशाला आता, पण ती ऐकेना.

टेलरबाईची खोली रस्त्यालाच आहे. दारात मशीन, मागं कापडाच्या घड्या, खिळ्याला लटकलेले अर्धवट झगे, आणि खाली चिंध्यांचा ढीग. मशीन चालू होतं. स्टुलावर चुनेवाला बसला होता, भुवयांवरसुद्धा चुन्याची पांढरी भुकटी असलेला म्हातारा. तो उठला आणि स्टूल पुढं सरकवलं. टेलरबाईनं वर पाहिलं नाही.

"त्यात माझं काही नाही," अक्का दारातनंच म्हणाली.

मशीन चालूच.

"मी त्याला सांगून आले, काढ म्हणून."

"काढलं?" टेलरबाईनं विचारलं. पाय पेडलवर तसाच.

"नाही."

"मग."

चुनेवाला घसा साफ करून म्हणाला, "अक्का, तुम्ही आल्यात हे फार बरं झालं. सुनावणी लागलीय. तालुक्याचे मोठे साहेब शाळेत येणार आहेत, मयतांच्या घरच्यांचं म्हणणं ऐकायला. तुम्ही तिथं एकच सांगा, मशिदीला माझी हरकत नाही. तुमच्या एका शब्दानं आमचं काम होतंय. आमचा वकील आधी तुम्हाला समजावून सांगेल, काय बोलायचं ते."

अक्का स्टुलावर बसणार होती, ती बसली नाही. "तुम्हीपण समजावून सांगणार? मी काय बोलायचं ते?"

"तसं नाही अक्का..."

"तसंच आहे."

तेव्हा मशीन थांबलं. टेलरबाईनं दात लावून दोरा तोडला. "मलापण सांगितलंय," ती अक्काला म्हणाली, पहिल्यांदा तिच्याकडे बघून. "फोटो दे म्हणतात. त्यांनी विधवा लावली, तर आपणही विधवा लावू. मी म्हटलं, देत नाही. तर आळीतली माणसं म्हणतात, त्या बाईच्या भिडेनं गप्प बसलीय." तिनं चुनेवाल्याकडे बोट केलं. "हे चांगले आहेत. बाकीचे सरळ बोलतातसुद्धा नाहीत."

म्हातारा बाहीवरची भुकटी झटकायला लागला.

"तू सुनावणीला काय सांगणार आहेस?" टेलरबाईनं विचारलं.

"मला माहीत नाही," अक्का म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे काय? हो का नाही?"

"तुला माहीत आहे माझं. तुझं मला माहीत आहे. आता हे सगळे कान लावून बसलेत, मी काय बोलू?"

टेलरबाईनं परत पेडलवर पाय ठेवला. "मग जा," ती म्हणाली. तिनं तोडून म्हटलं नाही, नुसतं दमून म्हटलं. ते जास्त लागलं.

सुनावणीच्या दिवशी पुढाऱ्यानं जीप पाठवली. चालवायला अर्थातच पोरगा. अक्का मागं बसली, मी तिच्या शेजारी. शाळेच्या मोठ्या वर्गात बाकं भिंतीला लावून टेबल मांडलं होतं. एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला खालची, मध्ये पोलीस. एकमेकांच्या शेतात राबणारी माणसं, पण कुणी कुणाकडे बघेना.

साहेब तरुण होता. घाम पुसत नावं पुकारत होता. अक्काची पाळी आली.

"बाई, चौकात तुमच्या नावानं जे लिहिलंय, ते तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही."

आमच्या मागं बाकं कुरकुरली. पुढाऱ्याचा वकील अर्धा उठला.

"म्हणजे मशिदीला तुमची हरकत नाही, असं लिहू?"

"तसंपण नाही."

आता खालच्या आळीतली बाकं कुरकुरली.

"मग काय लिहू बाई?"

अक्कानं पदर सावरला. "साहेब, आमचं माणूस तिथं खाली आहे. त्या बाईचंही आहे. मला तिथं शांत हवं, तिला तिथं वर्दळ हवी. आम्ही दोघी बसून त्याचं काहीतरी करत होतो. वर्षं गेली असती, पण केलं असतं. तुम्ही सगळे आमच्यातनं उठा, एवढं लिहा."

साहेबानं लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिकानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'म्हणणे अस्पष्ट.'

मग टेलरबाईला उभं केलं. ती म्हणाली, "मशीद मला हवी आहे. पण तिचा फोटो लावून ती अडवू नका, आणि माझा फोटो लावून ती बांधू नका." तेही अस्पष्टातच गेलं.

संध्याकाळच्या आत हुकूम आला. जैसे थे. निकाल लागेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. खाणीभोवती तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि बाहेर पोलीस बसवला. मशिदीच्या पायाचे दगड तारेच्या आत गेले, आणि नावांचा काळा दगडही आत गेला. मला वाटलं, निदान चौकातलं तरी निघेल. तर पुढाऱ्याच्या वकिलानं तो फ्लेक्स लोकभावनेचा पुरावा म्हणून कागदांत दाखवलेला. त्यामुळं तोही जैसे थे. काढणाऱ्यावर गुन्हा.

असं सगळं अडकून बसलं. दोन दिवसांत डेअरीनं आमचं दूध परत पाठवलं, वास येतो म्हणून. आमच्या ह्यांनी डबा उघडून हुंगला, मला हुंगायला दिला. ताजं दूध. "वहिनी, आता काही बोलू नका," हे अक्काला म्हणाले. "सुनेचं बाळंतपण होऊ दे. मग बघू." त्यांचंही खरं होतं. अक्कानं दूध वासरांना घातलं. चौकातून जायची वेळ आली की ती शेतातनं वळसा घालून जायची. बाजारात बायका तिला जागा करून द्यायच्या आणि बोलायच्या मात्र नाहीत. वरच्या आळीला ती फितूर वाटायची, खालच्या आळीला फ्लेक्सवरची. एकदा कुंपणाशी गेली, तर पोलीस म्हणाला, आत जायचं तर साहेबांची परवानगी आणा. स्वतःच्या नवऱ्यापाशी जायला.

आणि मग वारा सुटला. दुपारी असा उठला की आमच्या गोठ्याचा पत्रा वाजायला लागला. त्या वाऱ्यात फ्लेक्सचा एक कोपरा उसवला आणि फडफडत राहिला. सगळ्या गावानं तो वारा अंगावर घेतला होता, तरी तासाभरात बोंब उठली की खालच्या आळीतल्यांनी ब्लेड मारलं. वरच्या आळीतली पोरं धावली. टेलरबाईच्या दाराच्या फळ्या मोडल्या, कापडं रस्त्यावर ओढली. मशीन उलटं पाडलं, त्याचं चाक वाकलं. पुढाऱ्यानं सगळ्यांना शांत राहायचं आवाहन केलं आणि कोपरा नव्या दोरीनं बांधून घेतला.

अक्का ते बघायला गेली नाही. चुलीपुढं बसून राहिली. मग मला म्हणाली, "उद्या परत वारा येईल. पाऊस येईल. काही ना काही होणारच त्या कापडाला. आणि दरवेळी तिचंच दार मोडणार."

"आपण काय करणार?" मी म्हटलं.

"दुसऱ्या कुणाचं नाव घेता येणार नाही, असं काहीतरी करायला पाहिजे," ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी ती शेतात गेली. बटाटे काढलेल्या सऱ्यांतली माती घमेल्यात भरली, विहिरीचं पाणी घालून चांगली मळली. मला म्हणाली, तू येऊ नकोस. मी गेले. भर दुपारची वेळ, चौकात पाय ठेवायला जागा नाही. तिनं चहावाल्याचं बाक ओढून फ्लेक्सखाली लावलं आणि त्यावर चढली.

"सगळे बघा," ती म्हणाली. आवाज तिचा मुळातच मोठा, शेतातनं हाक मारणारा. "दुकानवाले, तुम्हीपण बाहेर या. मी कोण ते ओळखता ना? हे माझं थोबाड आहे आणि हा माझा हात आहे. उद्या कुणी विचारलं तर सांगा, कोणी केलं."

मग तिनं चिखलाचा गोळा घेतला आणि स्वतःच्या फोटोला फासला. कपाळाला, गालांना, उघड्या तोंडाला. हात पुरेना तिथं गोळे फेकले. अक्षरं लिंपली. कुणी पुढं झालं नाही. बाजार सगळा उभा, कोंबड्या तेवढ्या पाटीत कलकलत होत्या. खांद्यापर्यंत आली आणि त्या चार बोटांपाशी तिचा हात थांबला. तेवढी जागा सोडून बाकी सगळं तिनं भरून काढलं. मग खाली उतरली, बाक होतं तिथं ठेवलं आणि त्याच्यावरच बसली, पोलीस येईपर्यंत.

चौकीत फौजदार डोकं धरून बसला होता. "बाई, स्वतःच्या तोंडाला चिखल फासला म्हणून गुन्हा कसा घालू मी?"

पण पुढाऱ्याचा वकील हजर होता. जैसे थे मोडलं, आणि मयतांच्या नातेवाइकांच्या भावना दुखावल्या.

"नातेवाईक तर हीच आहे," फौजदार म्हणाला.

"दुसरे आहेत."

दुसऱ्यांना बोलावणी गेली. एकाच्या पोटात दुखत होतं. एक शेतावर होता, तो रात्रीपर्यंत येणार नव्हता. एकीनं दारच उघडलं नाही. ऊन कलत आलं. शेवटी जीपचा आवाज आला आणि वकील पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत घेऊन आला. फिर्याद लिहून तयार होती, फक्त सही राहिली होती. मयताचा मुलगा. त्याच्याइतका जवळचा नातेवाईक कोण?

पोरगा पेन हातात धरून उभा राहिला. अक्का समोरच्या बाकावर, कोपरापर्यंत सुकलेला चिखल. मी तिच्या शेजारी.

"तुझे साहेब काय म्हणाले?" अक्कानं त्याला विचारलं.

"काही नाही म्हणाले. पोचलास की किल्ली वकिलाकडे दे म्हणाले. सही कर, मग परत घे."

सून घरी कळा यायची वाट बघत होती. दूध बंद होतं. बटाटे शीतगृहाच्या दारात पडून होते. हे सगळं अक्काच्या तोंडावर एकामागून एक येऊन गेलं.

"कर सही," ती म्हणाली.

"आई..."

"कर. मी केलंय ते मी केलंय. त्यात खोटं काय आहे? एका घरातली एक किल्ली तरी राहू दे."

त्यानं सही केली. मग बाहेर जाऊन जीपच्या मागं उभा राहिला, आणि बराच वेळ तिकडनं आला नाही.

फौजदारानं पंचनामा केला. कायद्यानं आता तो फ्लेक्स मुद्देमाल झाला होता. पुढाऱ्याला ना साहेबाला जे उतरवता येत नव्हतं, ते दोन हवालदारांनी शिडी लावून उतरवलं, गुंडाळलं, सुतळी बांधली आणि चौकीच्या अडगळीत ठेवून दिलं. वकिलाला हे आधी सुचलं नव्हतं. तो भांडला, पण पुरावा म्हणजे पुरावा. केस संपेपर्यंत तो तिथंच राहणार, आणि केस कधी संपते ते आपल्याला माहीत आहे. अक्काला जामीन लागला तेव्हा वरच्या आळीतनं कुणी उभं राहिलं नाही. टेलरबाई आली. आली आणि फौजदाराला म्हणाली, "कुठं लिहायचं?" अक्काशी बोलली नाही. सही करून झाल्यावर तिच्या हातावरचा चिखल नखानं खरवडत बसली.

त्याला आता बरेच महिने झाले. खाणीभोवती तार आहे, मशिदीच्या दगडांवर परत गवत आलंय. पुढारी निवडून आला. सुनेला मुलगी झाली. टेलरबाईच्या मशीनचं चाक सरळ केलं, पण शिवताना ते अजून टकटक करतं.

तारीख असली की अक्का आणि पोरगा एकाच मोटरसायकलवर कोर्टाला जातात. दुसरं वाहन नाही. पण फिर्यादीनं आरोपीबरोबर दिसायचं नाही असं वकिलानं बजावलंय, म्हणून तो तिला अलीकडच्या पुलावर उतरवतो आणि पुढं निघून जातो. मागनं ती चालत येते.

गेल्या तारखेला मी बरोबर होते. पुकारा झाला. फिर्यादी म्हटल्यावर पोरगा उठला, आरोपी म्हटल्यावर अक्का उठली. न्यायाधीश बाई होत्या, नवीन आलेल्या. कागद बघून त्यांनी चष्मा काढला. "तुमचं एकमेकांशी नातं काय?"

पोरगा पायाच्या बोटांकडे बघत राहिला.

"मुलगा आहे माझा," अक्का म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहे बाईसाहेब. आमचं जरा लवकर होईल का?"

वकील आजारी होता. पुढची तारीख पडली.